इंदुरात बसून सीएसएम: ईव्ह ऑनलाइनच्या खेळाडू परिषदेची निवडणूक कशी लढवायची

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळयानांचा ऑनलाइन खेळ सुरू केलं की वर्षातून एकदा खेळाडू परिषदेच्या मतदानाची सूचना समोर येते. बरेच जण ती बंद करून सरळ हँगरमध्ये (जहाजं ठेवायच्या जागी) शिरतात, बाकीचे अलायन्सने (खेळाडूंच्या मोठ्या गटाने) पाठवलेली नावं जशीच्या तशी भरून मोकळे होतात. या यादीत आपलंही नाव असू शकतं, असा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे, त्यातही इंदुरातल्या मराठी खेळाडूंसाठी. इथून उभं राहणाऱ्यासाठी घड्याळ, पासपोर्ट आणि मतांचं गणित या तिन्ही गोष्टी युरोपातल्या उमेदवारापेक्षा वेगळ्या असतात, आणि तिन्हींची तयारी अर्ज भरायच्या खूप आधी करावी लागते.

सीएसएम म्हणजे काउन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट. मे २००३ मध्ये हा खेळ सुरू झाला. तो बनवणारी सीसीपी ही कंपनी आइसलंडची, मुख्यालय रिक्जाविकला. पाच हजारांहून जास्त तारामंडळं, त्यांच्या जोडीला वर्महोलची, म्हणजे तात्पुरत्या बोगद्यांतूनच पोचता येणारी अडीच हजारांच्या आसपास तारामंडळं, आणि सगळे खेळाडू एकाच विश्वात. चीनसाठी वेगळा सर्व्हर आहे, बाकी सगळं जग लंडनमधल्या ट्रँक्विलिटी या सर्व्हरवर खेळतं. कंपनीने एका जहाजाची किंमत बदलली की त्याचा फटका न्यू यॉर्क, मॉस्को आणि इंदूरचं विजयनगर, तिन्हीकडे एकाच दिवशी बसतो. म्हणूनच कंपनीच्या कानाशी बोलणारी माणसं कोण, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

ही परिषद आली कुठून

२००७ च्या सुरुवातीला उघड झालं की कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याने आपण ज्या गटात खेळत होतो त्या गटाला दुर्मीळ ब्लूप्रिंट्स (खेळातल्या वस्तू बनवायचे आराखडे) मिळवून दिल्या होत्या. खेळाडू भडकले, आणि ते योग्यच होतं: पंच स्वतःच एका संघातून खेळत असेल तर निकालावर विश्वास कोण ठेवणार? त्यानंतर कंपनीने स्वतःच्या लोकांवर नजर ठेवणारा अंतर्गत विभाग उभा केला, आणि २००८ साली खेळाडूंनी निवडलेली पहिली परिषद बसली. तेव्हा जागा होत्या ९ आणि मुदत सहा महिने. पुढे मुदत वर्षाची झाली, जागा १४ पर्यंत गेल्या आणि २०१७ पासून १० वर आल्या. अलीकडे उमेदवारांमधून काही जण कंपनी स्वतःही नेमते. हे आकडे बदलत राहतात, म्हणून तुम्ही उभे राहणार त्या वर्षीची घोषणा शब्द न् शब्द वाचून घ्या.

परिषदेच्या हातात अधिकार किती? कागदावर जवळजवळ काहीच नाही. तिला नकाराधिकार नाही, खेळात काय बदलायचं यावर तिचं मतदान होत नाही, सदस्यांना पगारही मिळत नाही. ती सल्लागार मंडळी आहे. बदल जाहीर होण्याआधी तिला दाखवला जातो आणि ‘यात हे बिघडेल’ असं वेळेत सांगायची संधी मिळते. पण या संधीची किंमत मोठी असते.

२०११ चा जून आठवा. खेळातल्या दुकानात पात्राच्या डोळ्याला लावायचा एक दिखाऊ चष्मा साठेक डॉलरला आला, पाठोपाठ कंपनीचं एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटलं, आणि खेळाडूंनी जीटा या खेळातल्या बाजारपेठेतल्या पुतळ्यावर रात्रंदिवस गोळीबार करून राग व्यक्त केला. तेव्हा कंपनीने परिषदेला तातडीने रिक्जाविकला बोलावलं आणि जूनच्या शेवटी बैठक घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि खेळाची दिशा पुन्हा अंतराळयानांकडे वळली. हे सगळं एकट्या परिषदेमुळे झालं असं म्हणणं चूक होईल. पण हजारो माणसांचा संताप एका खोलीत बसून नीट मांडणारं कोणीतरी होतं, याचा उपयोग झाला.

मतं कशी मोजतात, इथेच सगळं ठरतं

बहुतेक नवे उमेदवार हा भाग वाचत नाहीत आणि इथेच हरतात.

२०१२ पर्यंत पद्धत सरळ होती: ज्याला जास्त मतं तो वर. त्या वर्षी पहिल्या आलेल्या उमेदवाराला १०,०५८ मतं पडली होती. जिंकायला त्याच्या निम्मीही लागत नव्हती, म्हणजे उरलेली मतं वाया गेली. २०१३ पासून पसंतीक्रमाची पद्धत आली. मतदार नावांना १, २, ३ असा क्रम देतो. अलीकडे अशी १० नावांपर्यंत यादी भरता येते.

मध्य प्रदेशातल्या माणसाला ही पद्धत अनोळखी नाही. राज्यसभेची निवडणूक अशीच होते. विधानसभेत २३० आमदार, प्रत्येकाच्या मताचं मूल्य १००, म्हणजे एकूण २३,०००. जागा तीन असतील आणि सगळ्यांनी मतदान केलं, तर २३,००० ला ४ ने भागायचं, येतात ५,७५०, त्यात एक मिळवायचा: ५,७५१. म्हणून एक खासदार निवडून आणायला ५८ आमदार लागतात. भागताना जागांपेक्षा एक जास्त का घ्यायचा? कारण ५,७५१ हा आकडा तिघेच गाठू शकतात, चौथ्यासाठी तेवढी मतंच उरत नाहीत. याला कोटा म्हणतात.

आता हेच सीएसएमला लावू. समजा ३३,००० वैध मतपत्रिका आल्या आणि जागा १० आहेत. ३३,००० भागिले ११ म्हणजे ३,०००, अधिक १. कोटा ३,००१.

एका मोठ्या नल-सेक (खेळाडूंच्याच ताब्यातल्या, पोलीस नसलेल्या अंतराळातल्या) गटाकडे १२,००० शिस्तबद्ध मतं आहेत असं धरू. सगळ्यांच्या यादीत क्रम एकच: अ, ब, क, ड. पहिल्या मोजणीत अ ला १२,००० मतं. कोट्यापेक्षा ८,९९९ जास्त. ही जादा मतं वाया जात नाहीत. प्रत्येक मतपत्रिकेचा सुमारे पाऊण भाग पुढच्या नावाकडे सरकतो. ब कडे ८,९९९ आले, त्याने कोटा घेतला, उरले ५,९९८. क ने घेतला, उरले २,९९७. ड कोट्याला फक्त ४ मतांनी कमी पडतो, आणि ती चार इकडून तिकडून मिळतातच. म्हणजे एका यादीवर चार जागा. मोठ्या अलायन्सचे पुढारी निवडणुकीच्या आधी आठवडाभर ‘क्रम बदलू नका’ म्हणून मागे लागतात, ते या हिशेबासाठी.

तुमच्यामागे असा गट नसेल तर? मग खालचं टोक बघायचं. कोणीच कोटा गाठत नसेल तेव्हा सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो. ईव्हमध्ये मोजणीचा जो प्रकार वापरतात, त्याला राइट पद्धत म्हणतात. त्यात बाद झालेल्याचं नाव सगळ्या मतपत्रिकांवरून खोडून मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली जाते, जणू तो उभाच नव्हता. त्यामुळे आवडत्या पण कमजोर उमेदवाराला पहिली पसंती देणाऱ्याचं काहीच जात नाही. हे वाक्य प्रचारात जितक्या वेळा सांगाल तितकं थोडं, कारण ‘तू काही येणार नाहीस, मत कशाला वाया घालवू’ हीच शंका नव्या उमेदवाराला सगळ्यात जास्त मारते.

दोन अपक्ष घ्या. प ला पहिल्या पसंतीची १,४०० मतं आहेत, फ ला ९००. पहिल्या दिवशी प खूश. पण प चा प्रचार ‘बाकी सगळे विकले गेलेत’ असा होता, त्यामुळे इतरांच्या फार थोड्या मतदारांनी त्याला खालच्या क्रमांकांवर घेतलं. फ ने मात्र वर्महोलवाले, लो-सेकवाले (कमी सुरक्षेच्या अंतराळातले), नव्या खेळाडूंना शिकवणारे अशा तीन छोट्या उमेदवारांशी बोलून ठेवलं होतं. ते तिघे ६००, ५०० आणि ४५० मतांवर बाद होतात. त्यातून फ कडे ४००, ३५० आणि ३०० येतात: एकूण १,९५०. प कडे सगळी मिळून १५० येतात: १,५५०. शेवटच्या जागेला फ पुढे. ज्या मतपत्रिकांवरची सगळी नावं संपली त्या मोजणीतून बाहेर पडतात आणि कोटा खाली येतो, त्यामुळे शेवटची जागा मूळ कोट्यापेक्षा बऱ्याच कमी मतांतही निघू शकते.

एवढं कळलं की प्रचाराची भाषा आपोआप बदलते. गटाबाहेरचा उमेदवार दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या पसंतीवर निवडून येतो. दुसऱ्याच्या समर्थकाला तुमचं नाव यादीत घ्यावंसं वाटलं पाहिजे.

मतदाराच्या बाजूने दोन गोष्टी सगळ्यांना सांगत राहा. मत माणसाला नसतं, अकाउंटला असतं, आणि ते अकाउंट मतदानाच्या वेळी ओमेगा, म्हणजे पैसे किंवा प्लेक्स (सदस्यत्वासाठी वापरता येणारं खेळातलं चलन) भरलेलं असावं लागतं. शिवाय ते पुरेसं जुनंही लागतं. २०१६ पासून फुकट खेळता येणाऱ्या अल्फा अकाउंटला मत नाही. ज्याची चार ओमेगा अकाउंट्स आहेत त्याला चार मतं आहेत, आणि एकावर मत देऊन तो उरलेली तीन विसरतो. तुमच्या समर्थकांपैकी किती जण खाण खोदायला तीन-चार अकाउंट्स चालवतात ते विचारा. तिथे हमखास मतं पडून असतात. दुसरी गोष्ट: एकच नाव भरून यादी पाठवणारा मतदार अर्धंच मत देतो. यादी पूर्ण भरायला सांगा, खालच्या नावांमुळे वरच्याचं काडीचंही नुकसान होत नाही.

अर्ज भरताना

वय १८ पूर्ण, ओमेगा अकाउंट, पासपोर्ट, खरं नाव आणि कंपनीची तपासणी. अर्जाची खिडकी थोडे दिवसच उघडी असते. त्यानंतर कंपनी प्रत्येकाचा जुना व्यवहार तपासते आणि मग उमेदवारांची यादी जाहीर होते.

तपासणीत नावं गळतात ती जुन्या शिक्षांमुळे. भंवरकुआँच्या होस्टेलवर दोघांनी मिळून एक अकाउंट चालवणं अगदी साधं वाटतं, पण अकाउंट वाटून घेणं नियमात बसत नाही. एका घरातून, एकाच इंटरनेटवरून दोन भावांनी आपापली अकाउंट्स चालवणं चालतं. ओमेगा सुरू असताना शेजारी अल्फा उघडणं चालत नाही. एक क्लिक अनेक खिडक्यांत एकदम पाठवणारी सॉफ्टवेअर जानेवारी २०१५ पासून बंद आहेत. आयएसके (खेळातलं चलन) खऱ्या रुपयांत विकणं किंवा विकत घेणं हा तर सगळ्यात मोठा गुन्हा. यातलं काही कधी घडलं असेल आणि ताकीद मिळाली असेल, तर अर्जाआधीच सपोर्टला तिकीट टाकून आपल्या नोंदीत काय आहे ते विचारून घ्या.

पासपोर्ट नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा. पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का तेही आधी बघा. मराठी घरांत हा घोळ नेहमीचा आहे: एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे आडनाव आधी, तिसरीकडे मधलं नावच गायब. ज्या स्पेलिंगने पासपोर्ट निघेल त्याच स्पेलिंगने कंपनीला नाव द्या.

२०२२ पासून निवडणूक वर्षाच्या उत्तरार्धात होत आली आहे. म्हणजे आपल्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळी यातलं काहीतरी मध्ये येणार. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या बघायला अख्खं शहर रस्त्यावर असतं, त्या रात्री कोणाला मुलाखतीची वेळ देऊ नका.

जाहीरनामा: एक मुद्दा पूर्ण उलगडून

‘पीव्हीपी (खेळाडूंची आपसातली लढाई) सुधारू’, ‘नव्या खेळाडूंकडे लक्ष देऊ’ अशी वाक्यं दरवर्षी डझनभर उमेदवार लिहितात. मतदार त्यावरून पुढे सरकतो. तीन-चार मुद्दे पुरे, पण प्रत्येकात काय घडतं, कोणाला घडतं, पुरावा काय, आणि मागणी मान्य झाली तर कोणाचं नुकसान होईल, हे चारही आलं पाहिजे.

इंदुरातल्या खेळाडूला रोज जाणवणारा एक मुद्दा घेऊ. खेळाचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवायची वेळ) ११:०० ला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला. जेवणं आटोपून रात्री ८ ते १२ खेळायला बसलं की खेळात १४:३० ते १८:३० वाजलेले असतात. ऑस्ट्रेलियातले झोपलेत, युरोपातले अजून ऑफिसात. मोठे फ्लीट (जहाजांचे ताफे) निघतात ते १९:०० नंतर, आणि तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते.

आता स्ट्रक्चरचा टायमर. २०१६ मध्ये नव्या प्रकारची स्ट्रक्चर्स, म्हणजे खेळाडूंनी अंतराळात बांधायचे तळ, आली. त्यांच्यावर हल्ला झाला की काही काळ ती अभेद्य होतात, आणि मालकाने आधीच निवडून ठेवलेल्या तासाच्या आसपास पुन्हा उघडी पडतात. युरोपी मालक २०:०० निवडतो. आपल्याकडे रात्रीचा दीड. भारतीय वेळेत जमणारा छोटा कॉर्प (खेळाडूंचा संघ) पहिला हल्ला संध्याकाळी करू शकतो, पण निर्णायक लढाईला त्याला दीड वाजता माणसं जमवावी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नोकरी-कॉलेज असतं.

इथे कच्चा उमेदवार लिहितो: ‘टायमर निवडायची सोय काढून टाका.’ असं लिहिलं की तो संपला, कारण हीच सोय छोट्या कॉर्पला वाचवते. ती काढली तर तुमचं स्ट्रक्चर अमेरिकेतला गट आपल्या पहाटे पाचला पाडून जाईल. पक्का उमेदवार आधी झेडकिलबोर्डवरून (पाडापाडीच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवरून) आपल्या भागातले काही महिन्यांचे स्ट्रक्चर किल काढतो, ते यूटीसी तासांनुसार मांडतो आणि १४:०० ते १८:०० मध्ये किती घडतं ते दाखवतो. मग लिहितो की बचावाची सोय तशीच राहू दे, पण टायमरची वाट न बघता त्या वेळेत लढण्यासारखी छोटी उद्दिष्टं हवीत, आणि त्यातून मालकाचं किती नुकसान व्हावं याची मर्यादाही सांगतो. असा मुद्दा ज्याला पटत नाही त्यालाही वाचावासा वाटतो.

पुराव्यासाठी दुसरी खाण म्हणजे कंपनी स्वतः प्रसिद्ध करते तो मासिक आर्थिक अहवाल. कोणत्या रीजनमध्ये (अंतराळाच्या भागात) किती खनिज निघालं, किती बाउंटी (शत्रू पाडल्याचं बक्षीस) मिळाली, किती मालमत्ता नष्ट झाली, हे सगळं त्यात असतं. २००७ पासून या कंपनीने अर्थव्यवस्थेवर लक्ष ठेवायला चक्क अर्थशास्त्रज्ञ नेमला होता, इतकी ही आकडेवारी गंभीरपणे घेतली जाते. कंपनीच्या माणसासमोर कंपनीचेच आकडे ठेवले की चर्चा ‘खरं की खोटं’ मध्ये अडकत नाही.

एक सूचना लिहिण्याबद्दल. मुद्दे आधी मराठीत लिहा. विचार स्वच्छ झाला की मग छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की ऐकीव वाक्यं येतात आणि सगळ्यांचे जाहीरनामे सारखे दिसतात. उच्चारांची काळजी करू नका. पोलंड, रशिया, ब्राझीलचे उमेदवारही आपापल्या धाटणीचं इंग्रजी बोलतात. हळू बोला आणि आकडे दोनदा सांगा.

प्रचार म्हणजे याद्यांत शिरणं

फक्त भारतीय मतांवर जागा निघणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करा. पण आपली संध्याकाळ आपल्या एकट्याची नाही. आखाती देशांत रात्रीचे ८ म्हणजे १६:०० किंवा १७:००, मध्य आशियात सुमारे १५:००, मॉस्कोत १७:००. चीनमधले जे खेळाडू ट्रँक्विलिटीवर खेळतात त्यांचे रात्रीचे ८ म्हणजे १२:००, डाउनटाइम संपून तासभर झालेला. या सगळ्यांना रिकाम्या आकाशाची तीच तक्रार आहे. ‘भारताचा उमेदवार’ यापेक्षा ‘१२:०० ते १८:०० चा उमेदवार’ ही ओळख मतांत कितीतरी मोठी आहे.

उमेदवारांची यादी लागली की पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा जाहीरनामा वाचा आणि तुमच्याशी जुळणारे सात-आठ जण निवडा. त्यांना थेट लिहा: तुमचा अमुक मुद्दा मला पटतो, माझ्या यादीत तुम्हाला मी अमुक क्रमांकावर ठेवतोय, माझा जाहीरनामा बघून वाटलं तर मलाही घ्या. मोबदला मागायचा नाही. आधी स्वतःची पूर्ण यादी उघड करायची. ज्याच्याकडे निवडून यायची ताकद नाही पण चांगले दोन-तीनशे समर्थक आहेत, त्याच्या यादीतला दुसरा क्रमांक तुमच्यासाठी सोन्याचा आहे.

मोठ्या गटांनाही टाळू नका. त्यांच्या यादीत पहिली चार नावं त्यांची स्वतःची असतात, पण उरलेल्या सहा जागा त्यांना कोणाकडून तरी भरायच्याच असतात. तिथे ते कामाचा, शांत डोक्याचा, त्यांच्याशी वैर नसलेला माणूस शोधतात. त्यांचा परराष्ट्र व्यवहार बघणाऱ्या डिप्लोमॅटला मतदानाच्या किमान दोन आठवडे आधी गाठा. एकदा यादी फिरली की बदलत नाही. वर्महोलच्या लोकांशी आवर्जून बोला. त्यांची संख्या कमी असली तरी ती मंडळी एकदिलाने मतदान करतात आणि आपला माणूस परिषदेवर पाठवत आली आहेत.

पॉडकास्टच्या मुलाखती बहुधा अमेरिकी किंवा युरोपी संध्याकाळी होतात, म्हणजे इथे मध्यरात्री किंवा पहाटे. राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. पावसाळ्यात लाइट नेमकी बोलण्याच्या मध्यात जाते. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे आई रात्री दीडला दार उघडून काळजीने विचारणार नाही. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात, त्यामुळे त्यांनी दिलेली वेळ तोंडी लक्षात ठेवू नका. प्रत्येक वेळ यूटीसीत लिहून घ्या आणि तिच्यात साडेपाच मिळवा.

निवडून आल्यावर

पहिलं काम गोपनीयता करारावर सही. त्यानंतर तुम्हाला असं बरंच कळतं जे तुमच्या सर्वात जवळच्या फ्लीट कमांडरलाही सांगता येत नाही. २००९ मध्ये एका सदस्याने आतली माहिती वापरून बाजारात आधीच माल घेतला आणि त्याला पायउतार व्हावं लागलं. याची दुसरी बाजूही आहे. २०१९ मध्ये एका सदस्यावर माहिती फोडल्याचा आरोप ठेवून त्याला काढून टाकलं गेलं, नंतर चौकशीत आरोपात तथ्य निघालं नाही आणि कंपनीने माफी मागितली. म्हणून स्वतःसाठी एक कडक नियम करा: ज्या वस्तूवर परिषदेत चर्चा चालू आहे तिची खरेदी-विक्री बंद, आणि त्या विषयावर डिस्कॉर्डमध्ये एक शब्दही नाही, ‘बघा काय होतं ते’ एवढंसुद्धा नाही. अशा एका सूचक वाक्यावरून बाजारभाव हलतात.

रोजचं काम म्हणजे वाचणं आणि लिहिणं. कंपनीच्या लोकांशी चॅट, ऑनलाइन बैठका, प्रस्तावांवर शेरे. आइसलंड वर्षभर यूटीसीवरच असतं. तिथली दुपारी २ ची बैठक आपल्याला संध्याकाळी साडेसातला, ५ ची साडेदहाला, रात्री ८ ची दीडला पडते. पहिल्याच बैठकीत सांगून टाका की १४:०० ते १७:०० तुम्हाला सोयीचं आहे. कंपनीची माणसंही तेव्हा कामावर असतात. न सांगता जागत राहिलात तर तिसऱ्या महिन्यात गैरहजेरी सुरू होते, आणि थकून गप्प झालेला सदस्य हा परिषदेतला सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे.

प्रत्यक्ष बैठकीसाठी रिक्जाविकला बोलावतात, प्रवासाचा खर्च कंपनी करते. आइसलंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशगटात) आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि ते ४५ पर्यंत वाढू शकतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. कंपनीचं निमंत्रणपत्र हातात आल्याच दिवशी भेटीची वेळ घ्या. इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून युरोपातलं एखादं मोठं शहर, मग केफ्लाविक (आइसलंडचा विमानतळ) असा तीन टप्प्यांचा प्रवास होतो. एकाच तिकिटावर सगळे टप्पे मागा, म्हणजे पहिलं विमान चुकलं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची राहते.

हरलात तर

पहिल्या प्रयत्नात बरेच जण हरतात. निकालाबरोबर मोजणीचा फेरीनिहाय तपशील येतो, तो उतरवून घ्या. आपण कोणत्या फेरीत बाद झालो, आपल्याआधी कोण बाद झालं, त्यांची किती मतं आपल्याकडे आली आणि किती नाही आली, एवढं काढा. समजा तुमच्याआधी बाद झालेल्या एका लो-सेक उमेदवाराची पाचशे मतं तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे गेली. त्याच आठवड्यात त्याला लिहा, त्याच्या लोकांना तुमच्या जाहीरनाम्यात काय खटकलं ते विचारा, आणि पुढच्या वर्षीचा मुद्दा त्याच्याबरोबर बसून लिहायला घ्या.